डाग कोणाचा?



माझ्या पिढीतील ज्यांच्या घरी काळापांढरा दूरदर्शन संच होता, त्यांनी त्याला निदान एकदा तरी थाप मारली असेल. चित्र नाहीसे व्हायचे, घरातील कर्ता माणूस उठायचा, खोक्याच्या उजव्या अंगाला एक थाप द्यायचा, आणि चित्र परत यायचे. ही थाप नेमकी कोठे व किती जोराने द्यावयाची याचे ज्ञान प्रत्येक घरात एकाच माणसाकडे असे, आणि ते दुसऱ्याला शिकवता येत नसे. थापेने संच का सुरू होतो हा प्रश्न मला मात्र फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर पडला. तोही वेतनकपातीच्या एका तक्रारीमुळे पडला. ती हकीकत पुढे येईल. आधी थापेचे उत्तर देतो.

रेडिओ, दूरदर्शन, इन्व्हर्टर, एलईडीचा दिवा किंवा शेतातल्या मोटारीचा स्टार्टर, यांपैकी काहीही उघडा; आत एक हिरवी पाटी दिसेल. तिला पीसीबी म्हणतात. आपले मेकॅनिक तिला ‘कार्ड’ म्हणतात. पूर्वी तारा एकमेकींना जोडून यंत्र बांधीत. पॉल आयझ्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये तारांऐवजी पाटीवर तांब्याच्या रेघा छापून रेडिओ तयार केला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. पाटी उलटी करा. तांब्याच्या रेघांवर चंदेरी ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे एक सांधा. एखाद्या भागाचा पाय तेथे तांब्याला कथलाने जोडलेला असतो. साध्या कार्डावरही असे शेकडो ठिपके असतात. त्यांतील एका ठिपक्यात, पायाभोवती, केसाएवढी गोल चीर पडली की विजेची वाट तुटते. पण दोन्ही कडा एकमेकींना टेकूनच असतात. कार्ड तापले की ती चीर उघडते, निवले की मिटते, आणि थाप बसली की हादऱ्याने कडा पुन्हा चिकटतात. संच सुरू होतो. दुरुस्त मात्र झालेला नसतो.

अशा सांध्याला दुरुस्तीच्या दुकानात ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. आपल्या भाषेत या जोडकामाला जुने शब्द आहेत. झाळणे हा एक, आणि भांड्याला ‘डाग देणे’ हा दुसरा. घागर गळू लागली की आपण तिला डाग लावून आणीत असू. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कलंक असा आहे, आणि माझ्या विषयात हे दोन अर्थ फार जवळ राहतात.

या विद्येतील निम्मा भाग आपणांस ठाऊक आहे, फक्त आठवण करून द्यावयाची आहे. दारावर कल्हईवाला येत असे. तो पातेले आधी घासून घेई, भात्याच्या विस्तवावर तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर निघे, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते फिरवी. कथील पाण्यासारखे पसरून भांडे लखलखीत होई. नवसागर विसरला तर? कथील वितळेल, पण पसरणार नाही. अळूच्या पानावरच्या थेंबासारखे गोळा होऊन इकडून तिकडे घरंगळेल. याचे कारण असे की तांब्यावर हवेमुळे गंजाचा अदृश्य पापुद्रा सदैव असतो व कथील त्या पापुद्र्याला धरत नाही, फक्त शुद्ध तांब्याला धरते. नवसागर तो पापुद्रा खातो. कार्डाच्या कामात नवसागराची जागा राळेने घेतली आहे. चिडाच्या झाडाची ही राळ सोल्डरच्या तारेच्या पोटातच भरलेली असते. तार वितळली की राळ आधी वाहते, तांबे स्वच्छ करते, आणि मागून कथील येते.

दुसरा धडा सराफ बाजारात मिळतो, आणि जळगावकरांना सराफ बाजार दाखवण्याची गरज नाही. सोनार डाग देताना ज्योत डागावरच रोखून धरत नाही. तो टाकणखार लावतो आणि दागिना सगळीकडून तापवतो. दागिना पुरेसा तापला की डाग आपण होऊन फटीत धावतो, कारण वितळलेला डाग उष्णतेकडे जातो. कार्डावरही हाच नियम आहे. तापलेले बिट तांब्याच्या टिकलीला आणि भागाच्या पायाला, दोहोंना एकदम टेकवावयाचे, एकदोन सेकंदांत ती दोन्ही तापली की तार बिटाला न लावता सांध्याला लावावयाची. कथील पसरते, तांब्याशी त्याचा संयोग होऊन दोहोंच्या मध्ये एक अतिशय पातळ थर तयार होतो, आणि तो थर हाच खरा सांधा. वर दिसते ते नुसते कथील. थर झालाच नाही तर ठिपका वरून गोंडस दिसेल, पण आत काही नाही. उष्णता फार वेळ दिली तर थर जाड आणि ठिसूळ होतो, टिकली पाटीपासून सुटते, राळ करपते. तेव्हा स्वच्छता, उष्णता आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

आता ती तक्रार.

२०१८ सालच्या एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीतून एक बाई माझ्याकडे आल्या. कारखान्याचे नाव सांगत नाही. असे कारखाने खानदेशात अनेक आहेत. चौदा बाया शेतीपंपाच्या स्टार्टरची कार्डे भरीत. ग्राहकाकडून परत आलेल्या प्रत्येक कार्डामागे, ज्या बाईने ते केले तिच्या पगारातून रक्कम कापली जाई. कार्डावर बाईचा क्रमांक घातलेला असे. या बाईंनी पोळीच्या डब्याच्या पिशवीतून परत आलेले एक कार्ड आणले होते. ते माझ्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, “भाऊ, मन्हा हात खराब नही शे.” मी वीस वर्षे कामगारांत काढली होती, पण त्या कार्डाकडे पाहून मला काहीच कळले नाही. माझे शिक्षण शाळेपर्यंतचे. मी त्यांना सांगितले की आधी मला हे शिकावे लागेल, मग मालकाशी बोलू. दुरुस्तीच्या दुकानात महिनाभर संध्याकाळी बसलो. भिंग लावून ठिपके पाहायला शिकलो. हाताला चारपाच ठिकाणी पोळले.

मग कारखान्यात जाऊन परत आलेल्या कार्डांची वही मागितली. पर्यवेक्षक सज्जन होता, त्याने दिली. त्याचे मत असे की दोष दुपारच्या पाळीत अधिक असतात, कारण जेवणानंतर बायांना झापड येते. आकडे त्याचे खरे होते. दुपारी एक ते पाचच्या कामात दोष बराच जास्त होता. पण तोच दोष थंडीच्या महिन्यांत नव्हता, आणि जेवण तर थंडीतही होतेच. मला शंका आली म्हणून तंत्रनिकेतनातील एका शिक्षकांकडून बिटाचे तापमान मोजण्याचे यंत्र मागून आणले आणि साध्या मीटरने विजेचा दाब मोजला.

बायांच्या हातात २५ वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न होती. या आयर्नला तापमानाचे काही नियंत्रण नसते. प्लग लावला की ती तापत जाते आणि जेथे थांबेल तेथे थांबते. तिची शक्ती विजेच्या दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टला २५ वॅट, तर २५० व्होल्टला जवळजवळ ३०, आणि १९० व्होल्टला अवघे १७. एप्रिलच्या दुपारी साऱ्या वसाहतीत आणि गावात कूलर सुरू होत, दाब १९० पर्यंत खाली येई. सकाळी आठ वाजता जे बिट ४०० अंशांच्या पुढे जाऊन राळ करपवीत होते, तेच बिट दुपारी तीन वाजता ३०० च्याही खाली होते, आणि ते नुसते स्टँडवर असताना. मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला टेकवले की तो पट्टा उष्णता ओढून घेई आणि बिट आणखी निवे. झापड आयर्नला येत होती.

पण एवढ्याने भागले नाही. आदल्या वर्षापर्यंत हेच दुपारचे बिट कसेबसे काम निभावत होते. मग बदलले काय? तार बदलली होती.

येथे थोडे विषयांतर केले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या सोल्डर म्हणजे कथील आणि शिसे यांचे मिश्रण. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे घेतले तर ते १८३ अंशांवर एकदम वितळते व एकदम गोठते. कामगाराच्या दृष्टीने याहून समजूतदार धातू नाही. परंतु शिसे विषारी आहे, आणि फेकून दिलेल्या यंत्रांतून ते जमिनीत व पाण्यात जाते, म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत उपकरणांत त्यावर बंधन घातले. आपल्या देशातही २०११ च्या ई-कचरा नियमांत घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तू व संगणक यांसाठी शिशाची मर्यादा ०.१ टक्का ठरली व ती २०१४ च्या मेपासून लागू झाली. शिसे काढल्यावर उरते ते बहुतांशी कथील. त्यात तीन टक्के चांदी व अर्धा टक्का तांबे घातले तर ते २१७ अंशांच्या आसपास वितळू लागते. चांदी महाग म्हणून नुसते तांबे घातले तर २२७ लागतात. म्हणजे जुन्या तारेपेक्षा चाळीस-पंचेचाळीस अंश अधिक. शिवाय ते आळसटपणे पसरते. मी या बदलाच्या विरुद्ध नाही. शिसे गेले पाहिजे. पण शिसे गेल्याबरोबर आयर्न, बिट, राळ आणि वेळ हे सारेच बदलावे लागते. आमच्या कारखान्याने एका ग्राहकाच्या आग्रहावरून कथील-तांब्याची तार आणली होती आणि आयर्न तीच ठेवली होती. पूर्वी दुपारच्या बिटाला तारेच्या वितळण्यावर शंभरएक अंशांची शिल्लक होती. नव्या तारेने ती जवळजवळ निम्मी खाल्ली.

आणखी एक गंमत सांगतो. नवा सांधा निर्दोष असला तरी मळकट, खरबरीत दिसतो. जुना चकचकीत दिसे. तपासनिसाचे डोळे चकचकीत सांध्यावर तयार झालेले. त्यामुळे काही महिने चांगली कार्डे नापास होत होती आणि बाया ती चकचकीत व्हावीत म्हणून पुन्हा पुन्हा तापवून खरोखरच बिघडवीत होत्या.

मालकांशी बोलणे झाले तेव्हा मी कायदा शेवटी काढला, आधी मीटर काढला. त्यांच्यासमोर दुपारी तीन वाजता बिट मोजून दाखवले. ते स्वतः एकेकाळी रेडिओ दुरुस्त करीत, त्यामुळे त्यांना पटायला वेळ लागला नाही. पैसे खर्चायला लागला. तेव्हा हत्यारांविषयी जे मी शिकलो ते येथे सांगतो, कारण श्रोत्यांत छोटे उद्योजक पुष्कळ आहेत.

तापमान-नियंत्रित सोल्डरिंग स्टेशन घ्यावे. त्याच्या बिटात तापमान कळण्याची सोय असते. दाब पडला किंवा मोठा पट्टा समोर आला तर ते स्वतः अधिक शक्ती ओढते. शिशाच्या तारेला ३२० ते ३५० अंश पुरतात, बिनशिशाच्या तारेला थोडे अधिक. तापमान वाढवून घाई करण्याचा मोह सर्वांना होतो, मालकांना अधिक. पण बहुतेक वेळा चूक तापमानाची नसून बिटाच्या आकाराची असते. नवशिक्याला सुईसारखे बारीक बिट हवेसे वाटते. सुईच्या टोकातून उष्णता वाहतच नाही. टिकलीच्या रुंदीएवढे चपटे, छिन्नीच्या तोंडाचे बिट कमी तापमानात चांगले काम करते. शेतकऱ्याला सांगतो तसे सांगायचे तर टाकीत पाणी भरपूर असून उपयोग नाही, नळी रुंद पाहिजे.

बिटाला कानस लावू नये. जुनी बिटे निव्वळ तांब्याची होती, ती झिजत व कानसून पुन्हा नीट होत. आताच्या बिटांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. कानसीने तो गेला की कथील आतले तांबे खाऊन टाकते आणि बिट आठवड्यात पोकळ होते. त्या कारखान्यात स्टँडशेजारी कानस लटकवून ठेवली होती, सोयीसाठी! काम संपल्यावर बिट पुसून कोरडे न ठेवता त्यावर ताज्या कथलाचा लेप ठेवावा. बिटालाही कल्हई लागते.

राळेच्या बाबतीत एक चोरटी चूक खानदेशात सर्रास होते. तांबे जुने असले, पावसाळ्यात उघड्या पाकिटात पडून काळवंडलेले असले की राळेने ते साफ होत नाही. मग कोणीतरी पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट आणतो. तिने कथील झकास धरते. कार्ड तपासणीत पास होते. चारसहा महिन्यांनी, पहिल्या पावसात, टिकल्यांभोवती हिरवा गंज येतो आणि रेघा तुटतात, कारण ते आम्ल धुतले गेलेले नसते. तो दोष कोणाच्या क्रमांकावर टाकणार?

यंत्राच्या कामातही हीच कथा वेगळ्या रूपाने आहे. आता भाग इतके बारीक झाले आहेत की तांदळाच्या कणीएवढे. त्यांना पाय नसतात. कथलाची बारीक पूड राळेत कालवलेली मलमासारखी पेस्ट पोलादी जाळीतून पाटीवर छापतात, तिच्यावर भाग ठेवतात, आणि पाटी ओव्हनमधून जाते. ही पेस्ट शीतकपाटात ठेवावी लागते आणि वापरण्यापूर्वी काही तास डबी बंद ठेवूनच बाहेर काढून ठेवावी लागते. आपल्याकडे जुलैत थंड डबी लगेच उघडली तर पेस्टवर दव धरते, आणि ओव्हनमध्ये ते फुटून कथलाचे गोळे उडतात. दोन टिकल्यांमध्ये एक गोळा बसला की दोन वाटा जुळल्या. मे महिन्यात उलटे होते, जाळीवरच पेस्ट वाळते आणि काही टिकल्यांवर उतरतच नाही. म्हणजे छपाईच्या खोलीला वातानुकूलन हवे, आणि ते बायांसाठी नसून पेस्टसाठी आहे असे सांगितले तर मालक ते लवकर बसवतो, असा माझा अनुभव. शीतकपाटाबद्दल एवढेच की त्यात जेवणाचे डबे ठेवू नयेत. हे सांगावे लागते.

ओव्हनमध्ये पाटी हळूहळू तापवून, राळेला काम करायला वेळ देऊन, मग कमाल तापमानाला न्यावी आणि निववावी, असा क्रम आहे. बिनशिशाच्या पेस्टला २३५ ते २५० अंशांची कमाल लागते. स्वस्तातला पेटीवजा ओव्हन नुसत्या लाल किरणांनी तापवतो. काळे भाग उष्णता अधिक शोषतात, चकचकीत पाय कमी, त्यामुळे एकाच पाटीवर काही भाजते, काही कच्चे राहते. गरम हवा खेळवणारा, अनेक कप्प्यांचा ओव्हन महाग असतो. पाच-पन्नास नमुने करायचे असतील तर पेटी पुरते. रोजचा माल काढायचा असेल तर पेटीत वाचलेले पैसे परत आलेल्या मालात जातात. लहान भागाच्या दोन टोकांपैकी एक आधी वितळले तर कथलाच्या ओढीने भाग सरळ उभा राहतो, थडग्याच्या दगडासारखा. कामगारांनी त्याला तेच नाव दिले आहे.

जमिनीशी जोडणाऱ्या पट्ट्याबद्दलही सांगितले पाहिजे. आपल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. लोकरी कपडा काढताना चटचट होते ती. तिने नाजूक भाग मरतात. म्हणून मनगटाला पट्टा बांधून तो भूमीला जोडतात. मी पाहिलेल्या एका ठिकाणी सर्व पट्टे टेबलाच्या पायांना शिस्तीने जोडलेले होते. पायांना तैलरंग दिलेला होता, आणि टेबल लाकडाचे होते.

आता धुराचे. बायांचा समज असा की तो धूर शिशाचा, आणि बिनशिशाची तार आली म्हणजे भीती गेली. वस्तुस्थिती अशी की सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. शिसे पोटात जाते ते बोटांवरून, हात न धुता खाल्लेल्या भाकरीबरोबर. धूर असतो राळेचा, आणि राळेच्या धुराने काहींना दमा जडतो. एकदा जडला की थोड्या धुरानेही उसळतो. बिनशिशाच्या कामात तापमान अधिक, राळ तीव्र, म्हणून धूरही अधिक. उपाय सोपा आहे. बिटाजवळून धूर ओढून बाहेर टाकणारी नळी बसवावी. आमच्या कारखान्यात टेबलपंखे होते. पहिल्या बाईचा धूर दुसरीच्या तोंडावर, दुसरीचा तिसरीच्या, आणि चौदावीला सर्वांचा प्रसाद. शिशाची बाधा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती आणि २०२० च्या संहितेच्या यादीतही आहे. कामाच्या जागच्या पदार्थांनी होणारा दमा हाही भरपाईयोग्य रोगांत धरलेला आहे. पण डॉक्टर रुग्णाला ‘तुम्ही काय काम करता’ हे विचारतो तेव्हाच यादीचा उपयोग होतो.

माल परत येणे म्हणजे काय, हे आपण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहतो. रावेर-यावलच्या केळीबागेत एप्रिलमध्ये स्टार्टर बंद पडणे ही गोष्ट वेगळी. लोखंडी पेटी उन्हात, दुपारी हात टेकवत नाही इतकी तापते, पहाटे निवते. पाटी, तांबे, चिनी मातीचे भाग, प्रत्येकाचे प्रसरण निराळे, आणि त्या सर्वांची ओढ सांध्यावर. रोज एकदा ताण, एकदा सैल. चांगला सांधा हे वर्षानुवर्षे सोसतो, कच्चा एका उन्हाळ्यात चिरतो. शेतकरी पेटीला थाप मारतो, मोटार सुरू होते, तो घरी जातो. रात्री ती पुन्हा बंद पडते.

थापेवर भागवण्याची सवय खेड्यातलीच आहे असे समजू नये. २८ डिसेंबर २०१४ रोजी एअरएशियाचे विमान सुराबायाहून सिंगापूरला जाताना समुद्रात कोसळले. १६२ माणसे होती, एकही वाचला नाही. इंडोनेशियाच्या चौकशी समितीने डिसेंबर २०१५ मध्ये अहवाल दिला. शेपटीच्या सुकाणूची मर्यादा सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या कार्डावरील सोल्डरच्या सांध्याला चीर होती. त्यामुळे तो बिघाड आधीच्या बारा महिन्यांत तेवीस वेळा नोंदला गेला होता. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली की बिघाड जाई. त्या दिवशीही तो पुनःपुन्हा आला. शेवटी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात स्वयंचलित नियंत्रण सुटले आणि वैमानिकांना विमान सावरता आले नाही. एकट्या सांध्याने विमान पाडले असे अहवाल म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. पण तेवीस थापा मारल्या गेल्या होत्या.

कपातीचा प्रश्न राहिला. मालाच्या दोषासाठी कामगाराचे पैसे कापणे ही गिरण्यांतली जुनी चाल आहे. मुंबईत बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात बांधीत. त्या काळातील तक्रारी आणि १९२९ साली नेमलेला श्रमविषयक शाही आयोग यांतून १९३६ चा वेतन कायदा आला. त्याने अट घातली की नुकसान थेट कामगाराच्या हयगयीने झाले असले पाहिजे आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही हीच अट आहे. या अटीतील ‘थेट’ हा शब्द फार मोलाचा आहे, पण मीटर नसता तर मला तो वापरता आला नसता. मुंबईत अंधेरीला १९७३ साली इलेक्ट्रॉनिक निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले तेव्हापासून या धंद्यात बायांना घेतात ते त्यांची बोटे नाजूक आणि नेटकी म्हणून. माल परत आला की तीच बोटे एकाएकी झोपाळू कशी होतात, एवढे मी त्या बैठकीत विचारले.

आमचे अमळनेर येथे आठवते. १९४५ साली तेथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याच कंपनीचे पुढे विप्रो झाले. ऐंशीच्या दशकात ती संगणक करू लागली, तोवर तिचे पाऊल बंगळूरला पडले होते. खानदेशातून माणसे आणि भांडवल बाहेर गेले आणि कार्डे भरण्याचे सुटे काम परत आले, याचे मला वाईट वाटते. असो.

निकाल अर्धामुर्धा लागला. तीन महिन्यांची कपात परत मिळाली, त्याआधीची मिळाली नाही. चौदा जणींसाठी पहिल्या वर्षी चार स्टेशने आली, बाकीच्यांसाठी दाब स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर बसला. कानस काढली. पंखे राहिले, धूर ओढणाऱ्या नळ्या दोन वर्षांनी, एका परदेशी ग्राहकाची पाहणी होती त्या आठवड्यात बसल्या. २०२२ साली तेथे चार कप्प्यांचा ओव्हन आला, आणि डब्याच्या पिशवीतून कार्ड आणणाऱ्या त्या बाई आता तो चालवतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. ओव्हनच्या तिसऱ्या कप्प्यातला पंखा आवाज करतो, मालक म्हणतात चालेल, तर काय करावे? मी म्हणालो, आवाज सुरू झाल्यापासूनची परत आलेली कार्डे वेगळी ठेवा, प्रत्येकीवर तारीख आणि वेळ टाका. त्या म्हणाल्या, ते पहिल्या दिवसापासून टाकते आहे, भाऊ. तुम्ही फक्त ते तापमान मोजायचे यंत्र पाठवा.